सरगुंड्यांची वजाबाकी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी चौथीतच फारकत झाली. त्याबद्दल माफी असावी. हे कोणी वाचणार नाहीच (वही तांदळाच्या डब्यामागे ठेवते), तरी माफी मागून ठेवलेली बरी. घरात निवृत्त हेडमास्तर आहेत, आणि त्यांनी माझ्या दुधाच्या हिशेबावरसुद्धा लाल पेनने खुणा केलेल्या आहेत.

तर मलावी नावाच्या देशात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या नवऱ्याची पस्तीस वर्षांची शिकवण्याची पद्धत जाळून त्यावर चहा केला.

चहा चांगला झाला होता.

आता ही पद्धत काय, ते सांगायला हवं. आमचे हे, म्हणजे गुरुजी (सगळं वलगाव म्हणतं म्हणून मीही तेच म्हणते), प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे ते तुराट्यांनी. तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या काड्या वीत-वीतभर कापायच्या. एक काडी म्हणजे एकक. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक. "दहा एका मुठीत आले पाहिजेत, तेव्हा डोक्यात जातात," असं ते म्हणत. ते म्हणत, आणि गठ्ठे मी बांधत असे. दर जून महिन्यात पडवीत बसून शेकडो गठ्ठे. या पद्धतीबद्दल गुरुजींचा जिल्ह्यात सत्कार झाला, तेव्हा मी सगळ्यात मागच्या रांगेत त्यांची चपलांची पिशवी धरून बसले होते. मला पुढे बसायची लाज वाटते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लग्नात नावसुद्धा मी इतक्या हळू घेतलं होतं, की नणदेने माझ्याऐवजी घेऊन टाकलं.

निवृत्तीनंतर गुरुजींना शिकवायला कोणी उरलं नाही. मग त्यांनी दूधवाल्याला शिकवलं. गॅसवाल्याला शिकवलं. मीटर बघायला आलेल्या माणसाला तर त्यांनी ओसरीवर बसवून सरासरी काढायला लावली. तो पुढचे तीन महिने फिरकलाच नाही. अशात अमरावतीहून कुलकर्णी मॅडमचा फोन आला. या मॅडम हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, इंग्रजी एकदम फर्डं. त्यांच्या ओळखीत निवृत्त शिक्षकांचा एक गट आहे. ही मंडळी बाहेरच्या देशात जातात आणि तिथल्या शिक्षकांना शिकवण्याच्या युक्त्या दाखवतात. पगार नाही. राहणं-जेवण तिथलं केंद्र देतं. पहिल्या दिवशीचा नमुना पाठ केंद्राला पसंत पडला आणि पुढचे सहा आठवडे वर्ग नीट झाले, तर शिकवणाऱ्याचं तिकीट परत मिळतं. इंग्रजीत सांगायला मॅडम स्वतः सोबत येणार होत्या.

"सोबत येणाऱ्याचं मिळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग मी येत नाही," गुरुजी म्हणाले. "सकाळी पाचला मला चहा कोण देईल?"

(देशासाठी, ज्ञानासाठी वगैरे सगळं मागाहून. आधी चहा.)

गुरुजींनी स्वतःच्या तिकिटासाठी साठवणीचे पैसे काढले. माझ्या तिकिटासाठी मी अकोटला माझ्या मोठ्या भावाकडे गेले. दादाचं सगळं आयुष्य जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलं. त्यामुळे तो कोणाकडेही बघतो ते आधी वजन केल्यासारखं.

"जवाईबुवा मास्तराइले शिकवाले चालले, हे समजलं," दादा म्हणाला. "पन तू चौथी पास बाई. तू तथी कोनाले शिकवतं?"

"चहा करतो त्याइच्यासाठी," मी म्हणाले.

"सात समिंदर पार जाऊन चहा! महाग पडला लेका हा चहा!"

घरात पैसे होते, पण ते वहिनीच्या गुडघ्याचे होते. दिवाळीनंतर तिचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मी उठूनच निघाले, तर वहिनी भिंतीला धरत धरत आतून आली आणि नोटांची पुरचुंडी माझ्या ओच्यात टाकली.

"घेऊन जाय कुसुम. गुडघा दिवाळीपर्यंत थांबते, इमान थांबत नाई."

"दिवाळीच्या आत पुरे पैसे आनून देतो वहिनी," मी म्हणाले. आणि काय भूत संचारलं कोण जाणे, दादाकडे बघून म्हणाले, "आन मी सोताच्या हातानं देईन!"

दादा हसून हसून खोकायला लागला.

हिशेब सरळ होता. गुरुजींचं तिकीट परत मिळालं, की तेच पैसे दादाला. म्हणजे गुरुजींचा नमुना पाठ पसंत पडला, तरच वहिनीचा गुडघा. मी मनातल्या मनात तुराट्यांना हात जोडले.

आणि निघायच्या आदल्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन. "गुरुजी, काडी, पाला, बियाणं काहीही सामानात घ्यायचं नाही हं. विमानतळावर काढून घेतात, वर दंड होतो."

गुरुजींचा चेहरा असा झाला, की जणू त्यांनाच काढून घेतलं. मी गठ्ठ्यांचं पोतं माळ्यावर ठेवून दिलं आणि रिकाम्या जागेत सरगुंड्यांची पिशवी कोंबली. सरगुंडे आमच्या वऱ्हाडातला उन्हाळी पदार्थ. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, वाळवायची आणि काडी ओढून काढायची, की बोटभर लांबीची पोकळ नळी तयार. उकडून आंब्याच्या रसात खातात. परदेशात काही गिळलं नाही तर गुरुजींना गूळ घालून देता येतील, एवढाच माझा विचार.

विमानाबद्दल मी लिहीत नाही. मी डोळे मिटून होते.

मलावीत उतरलो, तर माती लाल आणि शेतात तूर! हिरवीगार, कंबरेपर्यंत. तिथे तिला नंदोलो म्हणतात. मला तर बाजारात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. केंद्राच्या मुख्य बाई ग्रेस मॅडम, उंच, ठसठशीत, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी लाजून इतकी मागे सरकले, की तुळशी वृंदावनासारख्या एका कुंडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. शेगडी कोळशाची. कोळसा पेटवायला काही मिळतं का म्हणून ओट्याखाली वाकून पाहिलं, तर कोळशाच्या पोत्यामागे काड्यांचा ढीग. खडखडीत वाळलेल्या. सगळ्या वीतभर. मला या देशाचं फार कौतुक वाटलं. शेगडी लगेच पेटली. चहा झाला, म्हटलं एवढं सरपण आहे तर उपमा करू. उपमा झाला, म्हटलं आंघोळीचं पाणीही तापवू.

"आज चहा चांगला झाला," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे दुसऱ्यांदा.

"सरपन चांगलं होतं," मी खूश होऊन म्हणाले. "काय टापटिपीचे लोक हायेत हो! पेटवाच्या काड्या पन एकसारख्या कापून ठेवतात. ओट्याखाली, कोळशाच्या पोत्यामांगं."

कप ओठांपाशी थांबला.

"किती होत्या?"

"मोजल्या नाई बाप्पा. दोनेकशे असतीन."

"दोनशे चाळीस," गुरुजी म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "त्यातल्या किती उरल्या?"

"उरल्या नाई. तुमच्या आंघोळीचं पानी काढलं ना मंग!"

मग कळलं ते असं. मी घरी पाणी भरत असताना गुरुजींनी माळ्यावर चढून गठ्ठे सोडले होते आणि काड्या सुट्या करून सतरंजीत गुंडाळून आणल्या होत्या. कुलकर्णी मॅडमच्या नजरेला पडू नयेत म्हणून रात्री त्या ओट्याखाली लपवल्या, कारण मॅडम स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत! आणि मला सांगितलं नाही, कारण मला खोटं बोलताना घाम फुटतो.

"पद्धत जाळली तू माही!" प्रमाण भाषेचे आग्रही हेडमास्तर सरळ वऱ्हाडीवर आले. "पस्तीस वर्षाची पद्धत! आन मी तिच्या पान्यानं आंघोळ केली!"

"तुमी चोरून कावून आनल्या?"

"तू चौकशी न करता कावून जाळल्या?"

भांडण जोरात होतं, पण कुजबुजत. कारण शेजारच्या खोलीत मॅडम. तक्रार तरी कोणाकडे करणार? जी वस्तू आणलीच नाही ती जळाली कशी?

नऊ वाजता नमुना पाठ. केंद्रातले चाळीस शिक्षक आणि जवळच्या शाळेतली दुसरीची ऐंशी मुलं. गुरुजी धावत शेताच्या बांधावर गेले. पण तूर हिरवी. हिरवी काडी वाकते, गठ्ठ्यात बसत नाही. शिवाय दुसऱ्याच्या उभ्या पिकाला हात लावायचा जीव आम्हा दोघांचाही झाला नाही. शेतकऱ्याच्याच घरची माणसं आम्ही.

"गोटे घ्या," मी म्हणाले.

"गोट्याचा गठ्ठा बांधून दाखव!"

खरं होतं. मी पायरीवर बसले. डोळ्यांसमोर वहिनी भिंतीला धरत धरत चालत होती. पाठ पसंत पडला नाही तर गुरुजींचं तिकीट गेलं, त्यात माझंही गेलं, आणि तो गुडघा तसाच राहिला. सगळं कशापायी? तर एक उपमा. तोही खारट झाला होता.

रडायला पदर शोधला तर पदराला टोचलेली सुई बोटात घुसली. सुईत दोरा होता. मी सुईकडे बघितलं, आणि उठून सरळ खोलीत गेले.

"हे काय?" गुरुजी म्हणाले.

"सरगुंडे."

"मला भूक नाही."

"खावाचे नाई. हे सुटं एक, एकक. आन हे पाहा." मी दहा सरगुंडे दोऱ्यात ओवले आणि गाठ मारली. "हे दशक. गठ्ठा नाई तं नाई, माळ होते ना?"

गुरुजींनी माळ मुठीत धरली. सोडली. पुन्हा धरली.

"दहा एका मुठीत आले," ते हळूच म्हणाले. आणि लगेच, "पण हे खायचं आहे गं!"

"मंग मोजून झाल्यावर खाजा!"

नऊ वाजता कुलकर्णी मॅडमनी टेबलावरच्या पिशवीत डोकावून पाहिलं. "गुरुजी, हे काय आहे?"

"स्थानिक साहित्य."

"कुठलं स्थानिक?"

"वलगावचं," गुरुजी म्हणाले आणि खडू उचलून फळ्याकडे वळले.

मी दाराच्या आड उभी राहिले. सुरुवात छान झाली. गुरुजी बोलत, मॅडम इंग्रजीत सांगत, ग्रेस मॅडम मुलांच्या भाषेत सांगत. एक, दोन, तीन, सगळे हात वर. दहाला मुलं ओरडली, "खूमी!" त्यांच्याकडे दहाला खूमी म्हणतात. मग गुरुजींनी माळ ओवायला घेतली आणि गाडी अडली. गुरुजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. दोरा सरगुंड्याच्या वरून जाई, खालून जाई, आतून काही जाईना. ऐंशी मुलं बघतायत. चाळीस शिक्षक बघतायत. एका शिक्षकाने घड्याळ बघितलं. गुरुजींनी सुई स्वतःच्या अंगठ्यात ओवली आणि शाळेच्या शिपायाला मारावी तशी हाक मारली.

"कुसुम! ये इकडे!"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी कुसुम नव्हती.

कशी गेले ते आठवत नाही. पदर डोक्यावरून ओढून मी थेट जमिनीवर मुलांमध्ये बसले. खाली बसलं की मोठी माणसं दिसत नाहीत, हा माझा जुना उपाय आहे. समोरच्या मुलीच्या हातात एकेक सरगुंडा ठेवला. "एक... दोन..." दहा झाले, सपकन ओवले, गाठ मारली आणि माळ तिच्याच गळ्यात घातली. "दहा जाले की माळ!"

"खूमी!" मुलं ओरडली.

"दहा जाले की माळ!" मी ओरडले. हो, मी! माझा आवाज छताला लागून परत आला, तेव्हा मीच दचकले.

दुसरी माळ, तिसरी माळ. "धाजाले कीमा!" असं काहीतरी ऐंशी मुलं एका सुरात म्हणायला लागली. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, बत्तीस वजा सात. माझ्यापुढे तीन माळा आणि दोन सुटे. दोनातून सात जाणार कसे? मी मुलांपुढे हात पालथे केले. मुलांनीही केले. चाळीस शिक्षकांनीही केले. मग मी एक माळ उचलली, दोन्ही हातांत ताणली आणि तटकन तोडली. दहा सरगुंडे टणाटण जमिनीवर! मुलांनी झडप घालून गोळा केले. सुटे झाले बारा. सात काढून गुरुजींच्या हातात दिले. गुरुजींनी फळ्यावर झोकात पंचवीस लिहिलं.

"मोजा!"

मुलांनी मोजले. दोन माळा आणि चार सुटे. चोवीस!

सगळं गप्प. गुरुजींनी मोजले. चोवीस. मॅडमनी मोजले. चोवीस. पस्तीस वर्षांत न चुकलेली वजाबाकी परदेशात चुकली. मी देवाचं नाव घेतलं, आणि तेवढ्यात त्या शांततेत आवाज आला:

कुर्रम.

पहिल्या रांगेतल्या एका टकलू पोराचा गाल फुगलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याने मान डोलावली. आवडलं होतं.

आता इथे गुरुजींना मानलं पाहिजे. एक क्षण थांबले नाहीत. वळले, फळ्यावरचा सात पुसला, तिथे आठ लिहिला, पंचविसाचे चोवीस केले आणि त्या पोराकडे हात करून म्हणाले, "बत्तीस वजा आठ, चोवीस. बरोबर!"

अख्खं केंद्र हसायला लागलं. ग्रेस मॅडम तर टेबल धरून हसत होत्या. पण मुलांना काय कळायचं ते कळलं होतं. कुर्रम! गुरुजींनी नऊ लिहिलं. कुर्रम, कुर्रम! अकरा. गुरुजींचा खडू एकीकडे, मुलांचे दात एकीकडे. वजाबाकी हाताबाहेर गेली. शेवटी शिल्लक शून्य, आणि एका शिक्षकाच्या दाढीत दोऱ्याचं टोक.

ग्रेस मॅडम उठल्या. मला वाटलं, झालं, आता सामान बांधा. त्या काहीतरी लांबलचक बोलल्या आणि मला हाताला धरून उभं केलं. टाळ्या वाजत होत्या. मी कुलकर्णी मॅडमना विचारलं, "काय म्हन्तात?"

मॅडम चष्मा पुसत होत्या. "म्हणतात, हातच्याची वजाबाकी आज पहिल्यांदा आवाजासकट पाहिली. आणि विचारतात, या बाई उद्या किती वाजता वर्ग घेणार?"

दुपारी रजिस्टर आलं. शिकवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालायचं होतं. मॅडम पेन घेऊन बसल्या.

"शिक्षण?"

"चौथी पास." मी मान खाली घातली.

"अनुभव?"

"काई नाई जी. पस्तीस वर्षं घरी बसून गठ्ठे बांधले तेवढे."

 मॅडमनी इंग्रजीत एक लांब ओळ लिहिली. काय लिहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "जे खरं आहे तेच. शैक्षणिक साहित्याची निर्मिती, पस्तीस वर्षे." (एवढे मोठे शब्द माझ्या नावापुढे पाहून मला वाटलं, दंडबिंड होतो की काय.)

सहा आठवडे मी रोज वर्ग घेतला. सरगुंडे तर पहिल्याच दिवशी संपले होते. मग तिथल्या शिक्षकांनी ओढ्याकाठच्या वाळल्या पोकळ गवताचे तुकडे कापून आणले आणि त्यांच्या माळा केल्या. माझ्या पिठापेक्षा पुष्कळ बरे. गुरुजी म्हणाले, "हे खाता येत नाही, म्हणून उत्तर बरोबर येतं." आणि संध्याकाळी व्हरांड्यात बसून हेडमास्तर गाठी मारत. माझ्यासाठी. मी त्यांच्या गाठी तपासत असे आणि सैल निघाली की परत देत असे. या आनंदावर मी अजून चार जन्म चहा करीन.

सप्टेंबरात तिकिटांचे पैसे परत आले. शिकवणाऱ्या दोघांचे! गुरुजींचे त्यांच्या खात्यात, माझे माझ्या खात्यात. मी बँकेत जाऊन खात्यातले होते तेवढे सगळे पैसे काढले आणि दर्यापूरमार्गे अकोटची एसटी पकडली. गाडीत खिडकीकडे तोंड करून, पदराआड नोटा तीन वेळा मोजल्या. तिन्ही वेळा वेगळी संख्या आली. कमी पडायला नकोत म्हणून सगळ्याच एका रुमालात बांधल्या.

वहिनी बाजेवर बसली होती. मी रुमाल दादाच्या हातात दिला. स्वतःच्या हाताने.

"जवाईबुवाचे?" दादाने विचारलं.

"माहे," मी म्हणाले. "तथी मास्तराइले हिसाब शिकवला मी. चाळीस मास्तर होते."

 दादाने रुमाल सोडला, बोटाला थुंकी लावली आणि वजनकाट्यावरच्या सवयीने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. वहिनीने मान लांब केली.

"पुरे हायेत?" ती म्हणाली.

"पुरे फिटले," दादा म्हणाला. मग पाचशेच्या दोन नोटा बाजूला काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि उठून मला हात जोडले. "मास्तरीनबाई, हजार रुपये ज्यादा आले."